चांदणे सर्वांच्या वाट्याचे

आज कोजागरी. पाऊस ओसरला, आभाळ धुऊन निघाले आणि वर्षातले सर्वांत निर्मळ चांदणे आज अंगणात उतरेल. पिपरी मेघेतल्या गच्च्यांवर दूध आटेल, भुलाबाईची गाणी होतील, मुली खिरापत ओळखायला लावतील. तरीही अनेक घरांत सणाचा हात आखडता आहे. सोयाबीन हाताशी आले की परतीचा पाऊस गाठतो आणि शेंगांना कोंब फुटतात. उरलेला माल बाजारात न्यावा, तर २०२५-२६ साठी जाहीर झालेला क्विंटलमागे ५,३२८ रुपयांचा हमीभाव कागदावरच राहतो. ओलाव्याचे कारण सांगून बोली खाली लागते. वर्ध्याला लागून वाढलेल्या या गावात ज्यांना शेती नाही, त्यांचीही ओढाताण कमी नाही. घराचा हप्ता आहे, शिकवणीची फी आहे, भरतीची वाट पाहणारा मुलगा आहे. भरीला मोबाइलवर जगभरच्या युद्धांच्या बातम्या. अशा दिवसांत चांदण्याचे कौतुक कसले, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे.

त्याचे उत्तर इथून जवळच, धाम नदीच्या काठी मिळते. १९३८ साली विनोबांची प्रकृती पार ढासळली. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवले. विनोबांनी निवडले पवनार. नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता, तिथे ते राहिले. कामाचा सगळा भार त्यांनी मनावरून उतरवून ठेवला. मोकळी हवा, रोज थोडे थोडे खोदकाम आणि रिकामे मन, एवढ्यावर प्रकृती सावरत गेली. याच विनोबांना गांधीजींनी १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले. तिकडे लंडनवर बॉम्ब पडत होते. १७ ऑक्टोबरला, कोजागरीच्याच आसपास, विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. दोन वर्षांपूर्वी टेकाडावर घेतलेला विसावा असा कामी आला.

तो विसावा शरद ऋतू आजही देतो. सकाळी लवकर वस्तीबाहेरच्या पऱ्हाटीत जाऊन उभे राहावे. काल उमललेले पिवळसर फूल आज गुलाबी झालेले असते. खालची बोंडे फुटून पांढरी झालेली, वरची अजून हिरवी, घट्ट मिटलेली. तुरीच्या शेंड्यांवर कोळ्यांची जाळी दवाने जड झालेली दिसतात. तारेवरचा नीलपंख झेपावला की पंखांतली निळाई एकदम उघडते. नुकताच उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी शेपटी हलवत बांधावर फिरत असतो. ऊन चटके द्यायला लागण्याआधीचा हा तासभर फुकट मिळतो.

पहिल्या वेचणीआधी आपल्याकडे बाया शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. कापूस किती निघेल, भाव काय मिळेल, यातले काहीच तेव्हा ठाऊक नसते. सुगी पदरात पडल्यावरच हात जोडायचे, असे आपल्या आज्यांनी कधी ठरवले नाही. अनिश्चिततेत मन स्थिर ठेवण्याची ही रीत त्यांनी आपल्या हाती दिली आहे.

मात्र चांदणे दाखवून कुणाचा पंचनामा लांबवता येणार नाही. हमीभावाची खरेदी केंद्रे वेळेत सुरू झाली पाहिजेत आणि नुकसानभरपाई दिवाळीआधी खात्यात पडली पाहिजे. त्यासाठी भांडावे लागेल, आणि भांडणारा माणूस आतून मोडलेला असून चालणार नाही. शेतकरी आत्महत्यांचे दुःख विदर्भाने फार सोसले आहे. दार लावून एकटाच कुढत बसलेल्या माणसाला त्या दाराबाहेर आणणे हे शासनाआधी शेजाऱ्याचे काम आहे.

म्हणून आजचे दूध आपल्या गच्चीपुरते ठेवू नका. ज्याचे पीक गेले, ज्याच्या मुलाची नोकरी हुकली, त्याच्या घरी स्वतः जा आणि त्याला हाताला धरून घेऊन या. आज त्याला हिशेब विचारू नका. अर्ज, सातबारा, विम्याची कागदपत्रे उद्या सकाळी मिळून बघू, असा शब्द द्या. आणि उद्या सकाळी तो पाळा.