टॉवर स्पीकर घेताय? आधी खोली मोजा!



घरात मोठा टीव्ही आला की थोड्याच दिवसांत दुसरी मागणी येते. मुलगा म्हणतो, "चित्र थिएटरसारखे, पण आवाज डब्यातून आल्यासारखा. दोन बाजूंना दोन टॉवर स्पीकर लावू." मुलाची तक्रार खोटी नाही. टीव्ही पातळ होत गेले तशी त्यांत स्पीकरला जागा उरली नाही. चिमुकले स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवलेले असतात आणि त्यांचा आवाज जमिनीवर नाही तर भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना संवाद कळत नाहीत. आवाज वाढवावा तर मारामारीचा प्रसंग येताच शेजारी दचकतात.

तेव्हा चांगला आवाज म्हणजे निव्वळ चैन, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री पोराबाळांत बसून एखादा चित्रपट धड ऐकू यावा, ही मागणी रास्त आहे. प्रश्न आहे घामाच्या पैशाचा. तो दुकानातल्या रंगीत दिव्यांवर उडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा, साधारण तीन फूट उंचीचा स्पीकर. पेटी मोठी असल्याने ढोलाचा खर्ज चांगला उतरतो, वेगळ्या सबवूफरचा खर्च वाचतो आणि जागाही स्टँडवरच्या लहान स्पीकरइतकीच अडते. मात्र बाजारात 'टॉवर' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, माइक, दिवे, सगळे त्यातच. दुसरीत नुसते स्पीकर असतात व अ‍ॅम्प्लिफायर वेगळा जोडावा लागतो. पहिली सोपी, पण आतले सर्किट जळाले आणि सुटे भाग मिळाले नाहीत की सगळी पेटीच अडगळीत जाते. दुसरीत बिघडला तेवढाच भाग बदलता येतो आणि चांगला स्पीकर वीस-वीस वर्षे साथ देतो. पैसे थोडे असतील त्यांनी दुसरीच वस्तू टप्प्याटप्प्याने घ्यावी, असे आमचे मत आहे.

आता वॅटची जादू पाहा. खोक्यावर ठळक छापलेले असते, '५००० वॅट पीएमपीओ'. पीएमपीओ मोजण्याची एक अशी मान्य पद्धतच नाही, ज्याला जो आकडा हवा तो त्याने छापावा. घरातल्या साध्या ६ अँपियरच्या प्लगमधून २३० व्होल्टवर फार तर १३८० वॅट मिळतात. त्यातून ५००० वॅट सतत निघणार कुठून? म्हणून दुकानदाराला एवढेच विचारा, "आरएमएस किती?"

त्याहून कामाचा आकडा आहे सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. ८६ आणि ८९ यांत फरक तीनचाच. पण जेवढ्या आवाजासाठी ८६च्या स्पीकरला २० वॅट लागतात, तेवढ्यालाच ८९च्या स्पीकरला १० वॅट पुरतात. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर लहान चालतो, खर्च वाचतो. तसेच ८ ओहमचा स्पीकर स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरला झेपतो. ४ ओहमचा जास्त करंट ओढतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तापवतो.

समोर किती गोल दिसतात, यावरूनही भुलू नका. पोल्क कंपनीच्या टी-५० या टॉवरला साडेसहा इंचांचे तीन गोल दिसतात. त्यांतला एकच वूफर तारेला जोडलेला आहे. उरलेले दोन पेटीतल्या हवेच्या दाबाने हलतात व खर्जाला मदत करतात. यात फसवणूक नाही, ती एक रीतसर पद्धत आहे. पण गोल मोजून पैसे देणाऱ्याला हे ठाऊक असावे.

'५.१' असे लिहिलेला संच पाच स्पीकर आणि एक सबवूफर मिळून होतो. समजा घरात ३०,००० रुपये साठले. त्यात सहा पेट्या व अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा, तर एकेका पेटीच्या वाट्याला काय येणार? त्याच पैशात १९-२० हजारांची टॉवरची जोडी, ९-१० हजारांचा दोन स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि उरलेल्यात तार, असा हिशोब आम्हाला शहाणपणाचा वाटतो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध बसले की संवाद पडद्यातूनच येतोय असे वाटते.

आता मोजपट्टी काढा. आपली खोली बहुधा १० बाय १२ फुटांची. अशा घरात ८ इंची वूफरचे धूड नको, ५ ते साडेसहा इंच पुष्कळ झाले. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज फुगतो आणि त्याखाली माणसाचा आवाज दबतो. शक्य तर मागे व बाजूला फूटभर जागा सोडा. पेटीचे भोक पुढच्या बाजूला असलेला स्पीकर लहान खोलीत बरा. मागे असेल आणि आवाज घुमत असेल, तर त्यात फोमचा बोळा सारून पाहा. दोन स्पीकरमधले अंतर आणि आपण बसतो तिथपर्यंतचे अंतर जवळजवळ सारखे ठेवा. १० बाय १० पेक्षा लहान खोली असेल, तर टॉवरचा हट्ट सोडून फळीवरची लहान जोडी घ्यावी.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. टॉवरचा वरचा ट्वीटर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असतो. आपल्याकडे निम्मे घर चटईवर बसते. त्यांच्या डोक्यावरून बारीक स्वर निघून जातात, आणि शब्द स्पष्ट कळतात ते याच स्वरांमुळे. म्हणून दुकानात खाली बसूनही ऐका. घरी आणल्यावर मागच्या बाजूला रबराचे जाड तुकडे देऊन स्पीकर किंचित पुढे झुकवता येतो, पण घरात रांगते मूल असेल तर हा प्रयोग करू नये. टॉवर वरून जड आणि बुडाला अरुंद असतो. मुलाने धरून ओढला तर अंगावर येईल, म्हणून भिंतीला पट्ट्याने बांधून ठेवावा. फरशी पुसताना पाणी लागले की दाबलेल्या भुशाची पेटी फुगते. त्यासाठी चारही पायांखाली रबर हवेच.

खरेदीला जाताना ज्याचे प्रत्येक वळण पाठ आहे असे एक गाणे आणि भरपूर संवादांचा एक प्रसंग मोबाइलमध्ये न्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ऐकवल्याशिवाय विकणाऱ्याकडून घेऊ नका. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला लावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या. त्यांना शब्द कळला, तर स्पीकर पास.

जुना माल घेण्यात कमीपणा नाही. वूफरच्या कडेची फोमची गादी बोटाने हळूच दाबा, भुगा पडला तर ती कुजली आहे. रबराची कडा जास्त टिकते. दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवला की वूफर हलून 'टक' आवाज आला पाहिजे.

जोडणीलाही महागडी तार नको. वीजसामानाच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पंधरा-वीस फुटांना पुरते. लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटी लागली की खर्ज गायब होतो. टीव्हीतून ऑप्टिकल तारेने आवाज आला नाही, तर सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडून पाहा. आवाज फाटू लागला की लगेच कमी करा. लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवला की ट्वीटर जळतो.

हप्त्याबद्दल दोन शब्द. 'बिनव्याजी' हप्त्यात पुष्कळदा प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीची सूट हातची जाते. दोन्हींची बेरीज करून पाहा, तेच व्याज. दरमहा दोन हजार हप्ता भरण्याची ताकद असेल, तर तेच दोन हजार पंधरा महिने टाकले की तीस हजार होतात, आणि रोख नोटा हातात असलेल्या माणसाला दुकानदार खुर्ची देतो. बिल पक्के घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शेवटी शेजारधर्म. खर्ज भिंतीत अडत नाही, स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. पलीकडच्या खोलीत कुणाची पहाटपाळी असते, कुणाची दहावी. दहा वाजले की बासचे बटण शून्याकडे वळवा. संवाद तेवढ्यातही ऐकू येतात, आणि स्पीकर घेतला तो संवादांसाठीच.