दुखापत आणि दखल

मार खाऊन पोलीस ठाण्यात गेलेला सामान्य नागरिक बहुधा 'एन.सी.'चा कागद घेऊन परततो. मुका मार ही साधी दुखापत, म्हणून अदखलपात्र. हाड मोडले वा दात पडला तर ती गंभीर, सात वर्षांपर्यंत कारावास. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६०च्या दंड संहितेत आलेली ही वर्गवारी १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. तीव्र वेदनांची वीस दिवसांची अट पंधरावर आली, हे स्वागतार्हच. परंतु भर चौकात, मुलाबाळांदेखत झालेला अपमान क्ष-किरण तपासणीत दिसत नाही! दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही, हे गुंडांना तोंडपाठ असते. अदखलपात्र नोंदींचा पाक्षिक अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्याचे बंधन नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घातले आहे. तो नियमित जातो का, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या ठाण्यात जाऊन विचारावे.