जुन्या रायफलीचे मोल

गेल्या मार्गशीर्षात आमचे एक जुने विद्यार्थी सकाळीच आमच्याकडे आले. डहाणूस त्यांची चिकूची वाडी आहे. त्यांच्या वडिलांस देवाज्ञा होऊन चार महिने झाले होते. आल्याबरोबर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. आजोबांच्या वेळेपासून घरात असलेल्या विंचेस्टर रायफलीस अमेरिकेत काय किंमत येते, ते डॉलरांत लिहून खाली त्याचे रुपये मांडले होते. “मास्तर, एवढे आले तर मुलीच्या कॉलेजची दोन वर्षांची फी भागेल. हिशेब बरोबर आहे ना, तेवढे पाहा.”

गुणाकार बरोबर होता. मांडणी मात्र चुकली होती. अशा वस्तू आपल्या पुष्कळ घरांतून पडून आहेत, म्हणून ती चूक वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटते.

ही रायफल १८९४च्या नमुन्याची. जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिराने तिची रचना केली. चापाभोवतीचे लोखंडी कडे खाली ओढून पुन्हा वर घेतले की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाते. या जातीच्या सत्तर लाखांवर रायफली कारखान्यातून निघाल्या. तेव्हा केवळ जुनी म्हणून ती दुर्मिळ ठरत नाही. १९६४ साली कारखान्याने घडणीची रीत बदलून ती स्वस्त केली. म्हणून त्यापूर्वीच्या रायफलींस संग्राहक अधिक मान देतात. अंगावरच्या क्रमांकावरून घडणीचा काळ ठरविता येतो.

परंतु भाव वस्तूत नसतो, गिऱ्हाइकात असतो. अमेरिकेत गिऱ्हाइके असंख्य; आपल्याकडे ज्याच्यापाशी परवाना आहे तोच गिऱ्हाईक. १९८०च्या दशकात परदेशी हत्यारांची खाजगी आयात बंद झाल्यापासून येथे असलेल्या विलायती मालाचे भाव चढले, हे खरे. उलटपक्षी २०१९च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मुभा राहिली, आणि वारसाहक्काने आलेले हत्यारही त्या दोहोंतच मोजले जाते. शिकारीची वाट तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटली. तेव्हा जो घेईल तो हौसेने घेईल, गरजेने नव्हे.

दुसरा प्रश्न काडतुसांचा. या रायफलीची नळी .३०-३० बोअरची. आपल्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची काडतुसे तीत चालत नाहीत. शिवाय तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीस टेकते, म्हणून गोळी बोथट तोंडाचीच लागते. ज्या हत्यारास दाणागोटा मिळत नाही, त्याचा भाव उतरणारच.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. विकण्यापूर्वी रायफल घासून पुसून, नवी झिलई देऊन चकचकीत करावी, असा आमच्या विद्यार्थ्यांचा बेत होता. तो आम्ही मोडून काढला. पोलादावरील मूळची निळसर काळी झिलई आणि दस्त्याचे मूळचे लाकूड, थोडे झिजलेले का असेना, संग्राहकास प्रिय असते. नव्या मुलाम्याने मोल वाढत नाही, घटते. दर दसऱ्यास पूजेत लावलेल्या हळदकुंकवाचे डाग दस्त्यावर होते, तेही तसेच राहू द्या म्हटले. खरे दुखणे आत होते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षारांचा अंश नळीत राहतो आणि हवेतील ओल शोषतो. त्यात डहाणूची खारी हवा! नळीतील पेचदार खाचांस गंजाचे खड्डे पडले होते.

एवढे झाल्यावर आम्ही विचारले, “रायफल आज आहे कोठे?”

“बाबांच्या कपाटात. परवान्याची मुदत अजून दोन वर्षे आहे.”

हे ऐकून आम्हांस धस्स झाले. परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नव्हे. तो माणसाबरोबर संपतो. अशा वेळी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागावा, नाहीतर हक्कदार गिऱ्हाइकास ते विकावे. ठरल्या मुदतीत यांपैकी काहीच न केल्यास ते सरकारजमा होऊ शकते. ‘शंभर वर्षांची जुनी वस्तू, तिला परवाना कशाला,’ ही समजूतही खोटी. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, अशाच कालबाह्य हत्यारास कायदा सूट देतो. ज्या वस्तूवर नातीच्या फीचा हिशेब मांडला होता, ती घरावर खटला आणू शकत होती.

त्याच दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मातुःश्री म्हणाल्या, “भावोजी, पैसे मिळोत न मिळोत, ती घरातून जाऊ द्या. मामंजी ती खांद्यावर टाकून वाडीत निघाले की वारली मजूर वाट सोडून उभे राहायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ते बोचत होते.”

आम्ही गप्प झालो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच माणसे मेली. तलासरीकडे तो दिवस अजून पाळतात. त्या गोळ्या या रायफलीच्या नव्हत्या. पण जमीनदाराच्या खांद्यावरची बंदूक सावजासाठीच नसे, हे आमच्या पिढीने घरोघर ऐकले आहे. आजोबांच्या वाघाची गोष्ट सांगून भाव वाढवावा, असे चिरंजीवांच्या मनात होते. वाघाचा कागद कोठे नव्हता; आणि मातुःश्रींच्या गोष्टीस कोणी भाव दिला नसता.

रायफल वकिलामार्फत अर्जासह जमा झाली. जुना परवाना ठाण्याचा आणि २०१४पासून जिल्हा पालघर, त्यामुळे नोंदी जुळण्यास वेळ लागला. तोवर दुकानदाराची ठेवणावळ चढतच होती. शेवटी एका परवानाधारक संग्राहकाने ती घेतली. ठेवणावळ वजा जाता हाती आलेली रक्कम चिठ्ठीवरील आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरली. मुलीच्या एका सहामाहीची फी तीतून गेली.

हे सारे टळण्यासारखे होते. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षे झाली, की हयातीतच वारस नेमून त्याच्या नावे परवाना मागण्याची सोय २०१६च्या नियमांत आहे. विकायचे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबले की स्वतःस विकता येते. ज्यांच्या कपाटात असे हत्यार आहे, त्यांनी यंदाच्या खंडेनवमीस पूजा मांडण्यापूर्वी परवान्याचे पुस्तक उघडावे आणि मुलाबाळांस जवळ बसवून पुढे काय करायचे ते ठरवावे. वडीलधाऱ्यांच्या मागे हा शोध करणे मुलांस फार महाग पडते.