चित्रे भिंतीवर, प्रेक्षक दाराबाहेर

मोठ्या शहरातील पंचतारांकित हॉटेलात उतरणारा पाहुणा केवळ खोली, बिछाना आणि जेवण विकत घेत नाही. या तिन्ही गोष्टी त्याला त्याच शहरात पुष्कळ कमी पैशांत मिळू शकतात. तो विकत घेतो ते वातावरण; आणि या वातावरणाचा एक महत्त्वाचा भाग आज चित्रांनी आणि शिल्पांनी घडविलेला असतो. मुंबईत अपोलो बंदरावर १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलाचे उदाहरण घेतले तरी पुरे. तेथील लॉबीत हुसेन यांचे काम आहे आणि जिन्यांपासून दालनांपर्यंत भारतीय आधुनिक चित्रकलेचा मोलाचा संग्रह पसरलेला आहे. दिल्लीच्या मौर्य हॉटेलात लॉबीच्या छतावर कृष्ण खन्ना यांनी १९८०च्या दशकात 'द ग्रेट प्रोसेशन' हे विशाल भित्तिचित्र रंगविले. त्या मिरवणुकीत रस्त्यावरची सामान्य माणसे आहेत. ती छतावर दिमाखाने चालतात. मात्र त्यांचे जिवंत भाऊबंद खालच्या संगमरवरावर पाऊल ठेवताना क्वचितच दिसतात.

ही विसंगती कोणा एका हॉटेलाचा दोष म्हणून सांगण्यात अर्थ नाही. देशाच्या कलासंपत्तीचा एक मोठा हिस्सा कोणाच्या भिंतीवर गेला, का गेला आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाला उरला, हा तिच्यामागचा खरा प्रश्न आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला, शाळेतल्या शिक्षकाला आणि कचेरीतून घरी परतणाऱ्या लिपिकाला या प्रश्नाशी कर्तव्य नाही, असे समजणे चूक ठरेल.

हॉटेल चित्र का घेते?

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रदर्शनी उपभोगाची कल्पना मांडली. काही वस्तू त्यांच्या उपयोगासाठी विकत घेतल्या जात नाहीत. त्या घेण्याची आपली ऐपत आहे हे इतरांना दिसावे यासाठी घेतल्या जातात. झुंबर, गालिचा आणि संगमरवर ही कामे आजवर करीत आले. परंतु झुंबर पैसेवाला कोणीही टांगू शकतो. नामवंत चित्रकाराचे चित्र मात्र एकच असते आणि ते ओळखण्यासाठी पैशाबरोबर अभिरुचीही लागते. अशा चित्राखाली बसून चहा पिणाऱ्या पाहुण्याला आपण केवळ श्रीमंत नसून सुसंस्कृतही आहोत, असा दिलासा मिळतो. हॉटेल त्याला हा दिलासा विकते आणि त्याची किंमत खोलीच्या भाड्यात वसूल करते.

चित्राचा आणखी एक गुण व्यवस्थापनाच्या पथ्यावर पडतो. गालिचा झिजतो, पडदे विटतात, फर्निचर दर काही वर्षांनी बदलावे लागते. चांगले चित्र नीट राखले तर जुने होते, पण मोडीत निघत नाही. तथापि सगळीच चित्रे सोन्याची खाण असतात हा समज खरा नव्हे. विल्यम बॉमोल यांनी १९८६ साली सुमारे तीन शतकांतील चित्रविक्रीचे आकडे तपासले, तेव्हा महागाई वजा जाता वर्षाला सरासरी अवघा ०.५५ टक्का परतावा हाती आला. लिलावाच्या बातम्यांत झळकतात ती जिंकलेली तिकिटे. हरलेल्या तिकिटांची बातमी होत नाही. हॉटेलाला चित्रातून मिळणारा खरा परतावा म्हणजे रोजची प्रतिष्ठा होय. ती पुनर्विक्रीची वाट पाहत नाही.

आश्रयदात्यांचे श्रेय

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य करावयास हवी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत भारतीय चित्रकाराला गिऱ्हाईक नव्हते. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगविले होते, तर आरा यांनी घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन दिवस काढले होते. सरकारी अकादमी पुरस्कार देत होती. पण पुरस्काराने महिन्याचे भाडे भागत नाही. अशा काळात ज्या मोजक्या संस्थांनी चित्रे विकत घेतली, त्यांनी कलेवर उपकार केले असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या संस्थांत खासगी हॉटेले होती, तशाच सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थाही होत्या. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीच्या खर्चातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी वापरण्यास पंडित नेहरूंची संमती मिळविली. हुसेन यांचे 'भारत भाग्य विधाता' हे भित्तिचित्र त्यातूनच कुलाब्यात उभे राहिले. एअर इंडियाने १९५६ साली नागपूरकडून मुंबईत आलेल्या बी. प्रभा या तरुण चित्रकर्तीची चित्रे घेऊन आपल्या संग्रहाला प्रारंभ केला. १९६७ साली साल्वादोर दाली याने याच कंपनीसाठी रक्षापात्र घडविले आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागून घेतले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. जगभरच्या विमान कार्यालयांत भारतीय चित्रे लागली ती अशी.

म्हणजे आश्रय देण्याचे काम सरकारी आणि खासगी अशा दोन्ही हातांनी झाले. फरक पडला तो पुढे. आश्रय मिळाला, पण प्रेक्षक मिळाला का, हा हिशेब कोणीच ठेवला नाही.

पाहिल्याने न संपणारी वस्तू

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक साधे वर्गीकरण आहे. एकाने भाकरी खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही. उलट, एकाने चित्र पाहिले म्हणून ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही. दहावा प्रेक्षक आला किंवा हजारावा आला, तरी चित्राच्या मालकाला त्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. दिव्याचा खांब आणि सार्वजनिक बाग यांच्याशी चित्राचे हे नाते आहे. मात्र बागेला कुंपण घालता येते, तसे चित्रालाही भिंत घालता येते. अनेकांना एकाच वेळी उपभोगता येणारी, पण दारावर माणूस बसवून मोजक्यांपुरती ठेवलेली अशी जी वस्तू, तिला जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ साली क्लब वस्तू म्हटले. हॉटेलातील चित्र ही अशी क्लब वस्तू आहे. तिचे सभासदत्व एका रात्रीच्या भाड्याने मिळते.

हे सभासदत्व किती महाग आहे? महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मासिक मानधन २०२३ साली वाढवून १६,००० रुपये करण्यात आले. हंगामाच्या दिवसांत मुंबईतील उंची हॉटेलाच्या एका रात्रीचे भाडे हा आकडा सहज ओलांडते. वर्गात मुलांना चित्रकलेची गोडी लावण्याची अपेक्षा ज्या शिक्षकाकडून करावयाची, त्याने महिन्याची मिळकत खर्चून एक रात्र चित्रांच्या सहवासात काढावी, असे कोणी सुचविणार नाही.

लॉबी सर्वांना खुली असते, कोणालाही अडविले जात नाही, असे यावर सांगितले जाईल. कागदावर ते खरे आहे. पण दरवाजे केवळ काचेचे नसतात. ज्याची चप्पल झिजली आहे, ज्याच्या खांद्यावर पिशवी आहे, त्याला पगडीवाल्या द्वारपालाच्या नमस्कारातही प्रश्न ऐकू येतो. त्यातच नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याने ताजमध्ये माणसे मारली, इमारतीला आग लावली आणि कलाकृतींचीही हानी केली. हॉटेलाचा जुना प्रासाद पुन्हा सुरू व्हावयास १५ ऑगस्ट २०१० उजाडला. त्यानंतर दारावर तपासणी आली ती आवश्यक म्हणूनच आली. परंतु तपासणी यंत्राने पिशवी तपासली जाते. संकोच तपासून दूर करण्याचे यंत्र निघालेले नाही. काम नसताना आत जाण्यास कारण लागते, आणि 'चित्र पाहावयाचे आहे' हे कारण पुरेसे आहे, असे त्या दारावर कोठेही लिहिलेले नाही.

याच हॉटेलात डिसेंबर २०१३मध्ये ख्रिस्तीज् या संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. नागपुरात जन्मलेला, जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार दिल्लीत निजामुद्दीन भागातील गच्चीवरच्या लहानशा घरात राहिला आणि २००१ साली गेला. त्या किमतीतला एक रुपयाही त्याच्या हाती पडण्याचा प्रश्न नव्हता. पण चित्र तरी कोणाच्या नजरेस पडणार? किंमत वाढते तसतसे चित्र आतल्या आतल्या दालनात सरकत जाते, हा या बाजाराचा नियमच आहे.

औंधचा धडा

सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहानसे संस्थान होते. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि चित्रांचे जाणते संग्राहकही. त्यांनी आपला संग्रह राजवाड्याच्या दिवाणखान्यात ठेवला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे शिल्पही तेथे पाहावयास मिळते. यमाईच्या दर्शनाला आलेला शेतकरी उतरताना हे सारे पाहू शकतो. लहानशा संस्थानाच्या राजाला जे सुचले आणि परवडले, ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या हॉटेलसमूहांना परवडणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

अर्थात, हॉटेलाची भिंत ही खासगी मालमत्ता आहे आणि कोणाच्या मालमत्तेवर धाड घालण्याची भाषा येथे गैरलागू आहे. परंतु मालमत्ता खासगी असली तरी सवलती सार्वजनिक असतात. एके काळी चैनीची हॉटेले सरकारला कर आकारण्याची जागा वाटत; १९८७च्या खर्चकर कायद्याने दिवसाला ४०० रुपये किंवा त्याहून अधिक भाड्याच्या हॉटेलांतील खर्चावर १० टक्के कर बसविला होता. तो कर आता राहिलेला नाही. उलट महाराष्ट्र शासनाने २०२० साली आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचे ठरविले, म्हणजे वीज, पाणी आणि करांच्या आकारणीत दिलासा दिला. त्यामागे रोजगाराचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु समाज काही देत असेल, तर त्याने मोबदल्यात काही मागणे हा साधा व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये मौल्यवान कलाकृतींवरील वारसाकर माफ करताना ती कृती लोकांना पाहू दिली पाहिजे, अशी अट घातली जाते. मालकी मालकाकडेच राहते; दार तेवढे किलकिले होते.

येथेही तीन साध्या अटी पुरेशा आहेत. सवलत घेणाऱ्या मोठ्या हॉटेलाने आपल्या कलासंग्रहाची यादी प्रसिद्ध करावी. महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, शाळा-महाविद्यालयांच्या गटांना आणि सामान्य नागरिकांना संग्रह विनामूल्य, माहितगार माणसाबरोबर दाखवावा. आणि काही चित्रे ठरावीक मुदतीने जिल्ह्यांतील संग्रहालयांना पाहण्यासाठी उसनी द्यावीत. या तिन्हींचा खर्च हॉटेलातील फुलांच्या सजावटीपेक्षा फार मोठा होऊ नये.

मात्र दुसऱ्याला अट घालणाऱ्याने आपले घर आधी झाडले पाहिजे. एअर इंडिया खासगी झाली, पण तिचा सुमारे ४,००० कृतींचा संग्रह २०२३ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्वाधीन झाला, हे योग्यच घडले. त्यातील निवडक कृती मुंबईत प्रदर्शित झाल्या. तथापि एवढा मोठा संग्रह अधूनमधूनच्या प्रदर्शनांनी लोकांचा होत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने नरीमन पॉइंटवरील एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरविले, ते सरकारी कचेऱ्यांसाठी. त्या इमारतीचा तळमजला केंद्राशी बोलून या चित्रांसाठी राखून ठेवला, तर मंत्रालयात अर्ज घेऊन आलेला गावोगावचा माणूस परतताना प्रभा यांची कोळीण पाहून जाईल. त्यासाठी नवी इमारत नको आणि नवे महामंडळही नको. इच्छा तेवढी हवी.

हॉटेलातील पाहुणा सकाळी हिशेब चुकता करून निघून जातो. भिंतीवरच्या चित्राकडे त्याने एकदा तरी मान वर करून पाहिले की नाही, याची नोंद कोणी ठेवत नाही. ज्याला पाहावयाचे होते तो मात्र रस्त्याच्या पलीकडे, बसच्या रांगेत उभा असतो. चित्र आणि तो यांच्यामधले अंतर रस्त्याच्या रुंदीएवढेच आहे. ते ओलांडावयास त्याला भीड वाटणार नाही अशी व्यवस्था करणे, हे सांस्कृतिक धोरण म्हणविणाऱ्या कोणत्याही कागदाचे पहिले कलम असले पाहिजे.