दम्याची लाज आणि पंपाचे भय

कऱ्हाड तालुक्यातील टेंभू हे गाव आज सातारा-सांगलीकडील लोकांस पाण्याच्या नावाने ठाऊक आहे. तेथून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या कोरड्या माळांवर नेले जाते. परंतु याच टेंभूत 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मास आले. त्यांची मते पटोत वा न पटोत, त्यांच्या लेखणीचा दरारा सर्वांनी मानला. पण त्यांच्या छातीत वर्षानुवर्षे दम्याने घर केले होते, याचे स्मरण थोड्यांसच असते. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळीत, ‘सुधारका’चे स्तंभ भरीत असता रात्र रात्र उशीस टेकून काढावी, आणि सकाळी पुनः टेबलाशी बसावे, असा त्यांचा क्रम. अखेर 17 जून 1895 रोजी, वयाची 39 वर्षेही पुरी झाली नसता, ते गेले.

त्या मृत्यूबद्दल कोणास दोष द्यावा? त्या काळी दम्यावर धोत्र्याच्या पानांचा धूर ओढावा, कडक कॉफी प्यावी, याहून फारसा उपाय पुण्यात नव्हता आणि लंडनातही नव्हता. धोत्र्याच्या धुराची ही युक्ती तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आमच्याच देशातून विलायतेस गेली. श्वासनळ्या तत्काळ मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल 1969 च्या सुमारास आणि नळ्यांची आतील सूज उतरविणारे श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइड 1972 च्या सुमारास बाजारात आले. आगरकरांच्या पश्चात पाऊण शतक लोटल्यावर जगास जे लाभले, ते आज सांगलीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. असे असता 2019 सालच्या जागतिक गणनेप्रमाणे हिंदुस्थानात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रोगी, म्हणजे जगातील रोग्यांच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. आणि जगातील दम्याच्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू मात्र आमचे! ज्या मालाचा आठवा हिस्सा आपल्याकडे, त्याच्या तोट्याचा जवळजवळ निम्मा भार आपल्याच खाती पडतो, असे वहीत दिसल्यास कोणता व्यापारी स्वस्थ झोपेल?

या तोट्याचे कारण समजून घेण्यास रोगाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. दम्यात श्वासनळीचे अस्तर सदोदित सुजलेले असते. रोगी हसतखेळत असला तरी ती सूज आत असतेच. धूळ, धूर, थंडी, पडसे यांपैकी काही निमित्त मिळाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि घरघर सुरू होते. सबब औषधेही दोन जातींची. एक आवळलेली नळी पाच-दहा मिनिटांत सैल करणारे. दुसरे सूज हळूहळू उतरविणारे, जे रोज घ्यावे लागते आणि ज्याचा गुण दिसण्यास दिवस-आठवडे लागतात. आमचा रोगी पहिल्यावर खूष असतो आणि दुसरे टाकून देतो. सावकाराचा माणूस दारी आला की चार रुपये हातावर ठेवून त्यास वाटेस लावावे आणि मुद्दल तसेच वाढू द्यावे, तशातला हा प्रकार.

वैद्यकीय विद्यार्थी आणि छातीचे डॉक्टर यांच्यात अलीकडे ज्या प्रश्नाची चर्चा झाली, तो हाच. ‘जिना’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या दम्याविषयीच्या जागतिक मंडळाने 2019 साली आपला जुना उपदेश बदलला. बारा वर्षे व त्यांवरील कोणत्याही रोग्यास, दमा कितीही सौम्य असो, केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर ठेवू नये. त्याच्या औषधात सूज उतरविणारा अंश असलाच पाहिजे, असे त्या मंडळाने स्पष्ट सांगितले. पन्नास वर्षांचा परिपाठ मोडण्याइतका पुरावा समोर आला म्हणूनच हे झाले. मिरज व कऱ्हाड येथे वैद्यक शिकणाऱ्या तरुणांस हे ठाऊक असणारच. प्रश्न एवढाच की, ते ज्ञान शिराळ्याच्या वा माणच्या रोग्यापर्यंत पोहोचते काय?

पोहोचत नाही, याचे एक कारण म्हणजे पंपाचे भय. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘त्यात स्टिरॉइड असते’ ही वाक्ये आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकतो. स्टिरॉइड असते, हे खरे, पण किती? पंपातून दिवसाला साधारणतः दोनशे ते चारशे मायक्रोग्रॅम, आणि तेही बहुतांशी फुप्फुसापुरते. पंपाच्या धास्तीने दमा चिघळू दिला की मग दवाखान्यात याच जातीच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांचे माप तीस-चाळीस मिलिग्रॅम, आणि ते सर्व शरीरभर फिरते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. जो सराफ गुंजेच्या अंशासाठी तराजूवर फुंकर घालू देत नाही, त्यानेच घरी शंभरपट मोठे माप बिनधोक मानावे आणि धाकट्यास भ्यावे, हे नवल होय. यापेक्षाही भयंकर त्या निनावी पुड्या, ज्यांनी ‘दमा मुळासकट जातो’ म्हणून सांगतात. अशा पुड्यांत याच गोळ्यांची भुकटी मिसळलेली असते, हे अनेकदा उघडकीस आले आहे. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर चढते. आणि गुण आल्याचे श्रेय जडीबुटीस! मृगाच्या दिवशी हैदराबादेस जाऊन जिवंत मासा गिळणाऱ्यांच्या श्रद्धेची आम्ही थट्टा करू इच्छीत नाही. परतल्यावर रोजचे औषध बंद करू नये, एवढीच त्यांस विनंती.

दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. काही काळापूर्वी एक सधन पेढीवाले आमच्याकडे सल्ल्यास आले. सुनेच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली, लग्नानंतर आठ महिन्यांनी पंप सापडला. “वकीलसाहेब, आमची फसवणूक झाली, हे लग्न रद्द होईल काय?” हा त्यांचा प्रश्न. चौकशी करता कळले ते असे. माहेरी ती मुलगी दोन्ही औषधे घेत असे व तिला कसलाही त्रास नव्हता. सासरी रोजचे औषध लपविणे शक्य नव्हते, म्हणून तिने ते सोडले. धाप लागली की न्हाणीघरात कडी लावून दुसरा पंप ओढावा, एवढेच चालू ठेवले. एका रात्री तोही पुरा पडेना. पहाटे तिला मिरजेस न्यावे लागले आणि दोन दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. ती वाचली. हे सर्व सांगत असता शेठजींनी खिशातून डबी काढून स्वतःची मधुमेहाची गोळी घेतली. सोयरीक जुळविताना आपल्या घराण्यातील हा विकार मुलीकडच्यांस कळविला होता काय, असे आम्ही विचारले. ते रागावून गेले.

कायद्याविषयी म्हणावयाचे तर, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात प्रतिपक्षासंबंधी महत्त्वाच्या गोष्टीबाबत कपट झाल्यास विवाह रद्द करविता येतो, हे खरे. पण औषधाने आटोक्यात राहणारा दमा ही अशी ‘महत्त्वाची गोष्ट’ कोणी मानू लागल्यास उद्या चष्म्यावरूनही दावे लागतील! तेराव्या कलमात घटस्फोटास जी कारणे दिली आहेत त्यांत दमा कधीच नव्हता. महारोग होता, तोही बरा होऊ लागल्यामुळे 2019 साली संसदेने काढून टाकला. कायदा पुढे गेला आहे, आमची माजघरे मागे आहेत. मुलीच्या बापांसही आम्ही सांगतो की, पहिल्याच बैठकीत विकार सांगून टाकावा. ज्या घरास तो ऐकवत नाही, त्या घरात मुलीचा श्वास मोकळा राहणार नाही.

या लाजेस डॉक्टरांनीही हातभार लावला आहे. रोग्याचे मन दुखू नये म्हणून ‘दमा’ न म्हणता ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’, ‘बाळदमा’, ‘छाती जरा नाजूक आहे’ असे शब्द योजिले जातात. आई समजते की वय वाढले की जाईल. औषध तीन आठवड्यांत थांबते. रोगाचे नाव चोरून उपचार नीट होणे नाही. मिरज-कऱ्हाडच्या विद्यार्थ्यांनी पंप हाती देण्यापूर्वी तो रोग्याकडून समोर ओढवून घ्यावा. कारण पुष्कळांचे औषध फुप्फुसात न जाता जिभेवरच बसते. आणि चूळ भरण्यास सांगावे, नाहीतर तोंडास बुरशी येते व पंप बदनाम होतो.

आता व्यापाऱ्यांकडे वळू. सांगलीच्या हळदीस देशभर मान आहे. तीच हळद पॉलिश होताना, चाळली जाताना जी पिवळी धूळ उडते ती हमालांच्या छातीत रोज जाते. दमेकऱ्यास कोणतीही धूळ वाईटच. वखारीत धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे, तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क देणे, हा खर्च आडतीच्या मानाने काय मोठा? तीच गोष्ट पाचटाची. टेंभूच्या पाण्याने जेथे ऊस आला, तेथे तोडणीनंतरच्या पाचटाचा धूरही आला. हिवाळ्यातील संध्याकाळी तो गावावर उतरतो आणि ज्यांची छाती आधीच सुजलेली, त्यांस रात्रभर बसवून ठेवतो. पाचट कुट्टी करून रानातच कुजविता येते. कारखान्यांनी त्याची यंत्रे सभासदांस भाड्याने द्यावीत. ज्यांच्या नेतृत्वाखाली कारखाने चालतात ते आमचे वाचक आहेत, म्हणून येथे लिहिले.

सरकारकडे आमचे मागणे लहान आहे. स्टिरॉइडचे पंप अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. सातारा व सांगली जिल्हा परिषदांच्या सदस्यांनी पुढील सभेत एवढेच विचारावे: आमच्या गटातील प्राथमिक आरोग्य केंद्रात हा पंप गेल्या बारा महिन्यांपैकी किती महिने शिल्लक होता? उत्तर तोंडी घेऊ नये; साठ्याची वही मागावी.