जादा हार्ड डिस्क बसवा, पण तेवढ्यावर थांबू नका

दुकानातल्या जुन्या संगणकात जागा संपली की आपले व्यापारी बांधव लगेच नवा घ्यायला निघतात. घाई कशाला? आत साटाची एक जागा आणि विजेची तार मोकळी असेल तर दुसरी हार्ड डिस्क सहज बसते. यंत्र फार जुने असेल तर दोन टीबीच्या वर जाऊ नका. पुढची जागा बहुधा दिसतच नाही.

मात्र एकाच डब्यात दोन डिस्का म्हणजे हिशेब सुरक्षित, हा गैरसमज आहे. 22 जुलै 2021 ला सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारात शिरले, तेव्हा माझे तागे आणि संगणक एकत्रच बुडाले. उधारी आठवणीवर मागितली. गिऱ्हाइकांची आठवण माझ्याहून कमजोर निघाली! जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. आता दर आठवड्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन पोलादपूरला मेहुण्याच्या माडीवर ठेवतो.