खारपाण पट्ट्यातलं पाणी : फिल्टर कुणाला हवा, बोअर कुणाला नको

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही सातवीच्या मुलांकडून एक साधा प्रयोग करून घेतो. प्रत्येकाने घरून पिण्याच्या पाण्याची एक बाटली आणायची, स्टीलच्या ताटलीत चार चमचे पाणी ओतायचं आणि ताटली गच्चीवर उन्हात ठेवायची. वऱ्हाडातलं ऊन, मधल्या सुट्टीनंतर वर गेलं की पाणी उडालेलं असतं. शहरातल्या मुलांच्या ताटलीत फिकट डाग राहतो. पूर्णाकाठच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलांच्या ताटल्यांवर मात्र पांढरा थर बसलेला असतो, नखाने खरवडता येईल असा. एका वर्षी एका मुलीने तो थर बोटाने चाटून पाहिला आणि म्हणाली, "सर, हे आमच्या दादीच्या नावाने मारलेल्या बोअरचं पाणी आहे."

घरच्यांनी मरहूम दादीच्या ईसाले सवाबसाठी मोहल्ल्यात बोअर मारून दिली होती. नियत नेक होती, पैसा हलालचा होता, आणि पाणी पिण्याजोगं नव्हतं. त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना जो सपाट काळ्या मातीचा पट्टा आहे, त्याला आपल्याकडे खारपाण पट्टा म्हणतात. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतली बरीच गावं त्यात येतात. राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं धरलेली आहेत, यावरून आवाका लक्षात यावा. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट भागात नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेला गाळ, शेकडो फूट जाडीचा. या गाळातलं पाणी नीट वाहून जात नाही. क्षार साचत राहतात. म्हणून इथे खोल गेलं की गोड पाणी लागेल हा हिशेब उलटा पडतो. बऱ्याच ठिकाणी बोअर जितकी खोल, तितकं पाणी जास्त खारं. गोड पाणी मिळतं ते सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे डोंगराचं पाणी जाड रेती-गोट्यांतून झिरपतं. तीस-चाळीस किलोमीटर खाली उतरलं की तेच पाणी मचूळ होतं. चहाला चव येत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लेक द्यायची म्हटलं की आधी "गावात पाणी कसं आहे" हा प्रश्न येतो, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही खालाजानला विचारा.

पाण्यातले विरघळलेले क्षार मोजण्याचं माप म्हणजे टीडीएस. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा कोणताच स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. खारपाणातल्या अनेक बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी सतत येतात. आजाराला एकटं पाणीच जबाबदार आहे असं ठामपणे सांगणं बरोबर नाही. उन्हातली मजुरी, अपुरं पाणी पिणं, दुखण्याच्या गोळ्या, शुगर-बीपी हेही त्यात येतं. पण ज्याची किडनी आधीच थकलेली आहे किंवा ज्याला रक्तदाब आहे, त्याच्या पोटात रोज खारं पाणी घालणं चुकीचं आहे, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

आता घरातल्या फिल्टरकडे येऊ. आम्हाला वऱ्हाडात दोन चुका एकाच वेळी होताना दिसतात, आणि दोन्ही आपल्याच नातेवाइकांच्या घरी.

पहिली चूक शहरातली. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. हे पावसाचं साठवलेलं पाणी आहे, त्यात क्षार फार नसतात. तिथला त्रास वेगळा आहे : नळ रोज येत नाही, मग ड्रम आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. पाईपलाईन गटाराजवळून जाते, कुठे फुटलेली असते. म्हणजे भीती जंतूंची आहे, मिठाची नाही. अशा घराला उकळलेलं पाणी पुरतं, क्लोरीनची गोळी पुरते, फार तर साधा यूव्ही फिल्टर. पण दुकानदार बादलीत दोन तारा सोडून पाणी पिवळं करून दाखवतो (त्या तारा स्वतःच झिजून पाणी रंगवतात, हे तो सांगत नाही) आणि घरातली माणसं घाबरून आरओ घेतात. मग तीनशे टीडीएसचं चांगलं पाणी मशीनमधून काढायचं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घालवायचं, आणि घरगुती मशीन असेल तर एक लिटरसाठी साधारण तीन लिटर पाणी नळीतून मोरीत सोडायचं. ज्या शहरात नळाची वाट पाहावी लागते तिथे हे परवडतं कसं? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याच कारणासाठी ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं सरकारला सांगितलं होतं. दुकानात त्याची आठवण कोण काढणार!

दुसरी चूक खेड्यातली, आणि ती जास्त महागात पडते. खारपाणातल्या घरात पाणी उकळतात, तुरटी फिरवतात, कँडलचा फिल्टर लावतात, आणि समाधान मानतात की पाणी शुद्ध झालं. यातल्या एकानेही मीठ जात नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. कँडलने माती आणि काही जंतू अडतात. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्याची वाफ होते आणि मीठ भांड्यातच राहतं, म्हणजे उकळलेलं पाणी थोडं अधिकच खारं. खतांमुळे पाण्यात उतरलेलं नायट्रेटही उकळून जात नाही, आणि ते तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीत जाऊ नये. मीठ काढायचं तर आरओच लागतो. म्हणजे गंमत बघा : ज्याला मशीन नको तो विकत घेतो, आणि ज्याला हवं त्याला ते परवडत नाही. तो वीस-तीस रुपयांचा जार विकत घेतो, वर्षाकाठी सात-आठ हजार रुपये घालवतो, आणि त्या जारमध्ये काय आहे याची तपासणी कुणी केलेली नसते. पाणी थंड आहे म्हणून ते चांगलं, इतकाच निकष.

आखातात काम करणारी आपली मुलं सुट्टीवर आली की म्हणतात, तिकडे तर अख्खा देश समुद्राचं पाणी गोड करून पितो, इथे का होत नाही? बरोबर आहे. जे उमरा किंवा हजला जाऊन आले त्यांनी मक्केत नळाचं जे पाणी वापरलं, त्यातलं बरंच लाल समुद्राकाठच्या शुऐबाच्या प्रकल्पातून येतं. चेन्नईतही असे प्रकल्प २०१० पासून चालू आहेत. तंत्र तेच : दाब देऊन पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं. आपलं काम तर सोपं आहे, कारण समुद्राचा टीडीएस पस्तीस हजारांच्या आसपास असतो आणि आपला दोन-चार हजार. अडचण दुसरीकडे आहे. मागे राहिलेलं कडक खारं पाणी समुद्रकाठचा प्रकल्प समुद्रात सोडतो. वऱ्हाडात ते कुठे सोडणार? गावातल्या आरओ प्लांटचं पाणी नाल्यात जातं, नाल्यातून शेतात किंवा त्याच जमिनीत मुरतं, आणि पुढच्या वर्षी त्याच बोअरने वर येतं. आधीच चिबड झालेल्या जमिनीला आणखी मीठ. शिवाय प्लांट बसवला त्या दिवशी फीत कापायला सगळे असतात, पडदा बदलायची वेळ आली की वर्गणीला कुणी नसतं. कुलूप लागलेले असे प्लांट आम्ही स्वतः पाहिले आहेत, वर दात्याच्या नावाची पाटी चकचकीत. आरओ प्लांट नकोत असं आमचं म्हणणं नाही. आजारी माणसासाठी, तान्ह्या मुलासाठी तो लागतोच. पण नऊशेच्या वर गावांची तहान त्यावर भागेल असं मानणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे.

या भागाला खरं पाणी धरणांतूनच मिळालं आहे. शहानूर धरणावरून अंजनगाव-दर्यापूरकडे, वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्यातल्या ८४ खेड्यांना, काटेपूर्णेवरून अकोला तालुक्यातल्या ६४ खेड्यांना. सातपुड्याचं गोड पाणी पाईपने खाली आणायचं, ही कल्पना जुनीच आहे. नरनाळा किल्ल्यावर डोंगरात तलाव बांधून पावसाचं पाणी अडवलेलं आहे. तिकडे बुऱ्हाणपूरला खान-ए-खानान अब्दुर्रहीमच्या काळात सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या कुंड्यांतून शहरात आणलं. त्या लोकांकडे टीडीएसचं मीटर नव्हतं, पण गोड पाणी कोणत्या बाजूने येतं हे त्यांना कळत होतं.

पण धरणाचं पाणी म्हणजे आता वाटणीचं भांडण. बाळापूर मतदारसंघातल्या खारपाणातल्या ६९ गावांसाठी वान धरणावरून योजना मंजूर झाली, आणि सरकार बदलल्यावर तिला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये तिथले आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे पाणी पिऊन दाखवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. बातम्यांत राजकारण रंगलं. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अकोट-तेल्हाऱ्यातल्या शेतकऱ्याचं म्हणणं असं की धरण सिंचनासाठी बांधलं, त्यात आमच्या जमिनी गेल्या, आणि एकेक पिण्याची योजना जोडत गेलात तर आमच्या कालव्यात उरणार काय? दोघेही खोटं बोलत नाहीत. पिण्याचं पाणी आधी, हे राज्याच्या धोरणातच आहे आणि आम्हालाही तेच बरोबर वाटतं. मात्र पिण्यासाठी लागतं ते सिंचनाच्या मानाने थोडं, त्यामुळे गळती थांबवली आणि कालवा नीट ठेवला तर भांडण बरंच मिटू शकतं. ते काम मोर्चाइतकं दिसत नाही, म्हणून होत नाही.

योजना पोहोचली त्या गावातही नळ कधी आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा. आम्हाला ते हजेरीच्या रजिस्टरवरून कळतं. नळाच्या दिवशी मुली गैरहजर असतात. भावाला शाळेत पाठवतात, तिला हंड्याच्या रांगेत.

म्हणून पुन्हा त्या दादीच्या बोअरकडे येतो. पाणी पाजणं हे उत्तम सदक्यांपैकी आहे. हजरत साद बिन उबादा यांनी आईसाठी विहीर खोदल्याची हदीस आपण सगळ्यांनी बयानात ऐकली आहे. त्यामुळे आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हटलं की पहिली गोष्ट सुचते ती बोअर. सातपुड्याच्या पायथ्याशी ती ठीक आहे. खारपाणात मात्र खड्डा खणण्याऐवजी वर बघावं. अकोल्याकडे वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एवढा पाऊस म्हणजे, वाया जाणारा धरूनही, ५५ हजार लिटर गोड पाणी. सहा माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला तीसेक लिटर लागतं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचं झालं सव्वासात हजार लिटर. म्हणजे आठ हजार लिटरची एक बंद टाकी भरली की एका घराचा उन्हाळा निघतो. मशिदीचं किंवा मदरशाचं तीन हजार फुटांचं छत असेल तर दीड लाख लिटरच्या वर पाणी हातात येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. पाईपच्या तोंडाशी रेती-गिट्टी-कोळशाची गाळणी ठेवायची, टाकीत उजेड आणि डास जाऊ द्यायचा नाही, वापरताना क्लोरीन टाकायचं. टाकी बांधायला बोअरपेक्षा जास्त पैसे लागतात असंही नाही. आणि मशिदीत बोअरचं खारं पाणी वुजूला, साफसफाईला चालतंच. समुद्राच्या पाण्यानेसुद्धा वुजू होतो. गोड पाणी प्यायला राखून ठेवावं.

ज्यांना तरीही बोअरच मारायची आहे त्यांनी शेजारच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आधी तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा अकोला आणि अमरावती दोन्हीकडे आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडेही तपासणीचं किट असायला हवं, नसेल तर ग्रामसभेत विचारावं. चारशे-पाचशे रुपयांचं टीडीएस मीटर एका मोहल्ल्याला एक पुरे. ते क्षार सांगतं. जंतू, नायट्रेट, फ्लोराईड त्यातून कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच. नमुना नेताना कोल्ड्रिंकची बाटली वापरू नका. प्रयोगशाळेकडूनच बाटली घ्या, बोअर पाच मिनिटं चालू ठेवून मग भरा, वर गावाचं नाव, जागा आणि तारीख लिहा, आणि जंतूंची तपासणी हवी असेल तर त्याच दिवशी पोहोचवा. आमच्या शाळेतल्या मुलांना हे सगळं येतं. मोठ्यांपैकी कुणाला शिकायचं असेल तर मधल्या सुट्टीत यावं.